पुण्यातला ‘ण्या’

हमरस्त्यावर गेल्या महिन्यात एक भला मोठा फलक लागला : ‘आता पुणे मध्ये सुद्धा!’ काय सुद्धा, ते खाली लिहिलं होतं, बहुधा गाद्या. मी वरच अडलो. ‘पुणे’ आणि ‘मध्ये’ यांच्यात एवढी जागा सोडली होती की तिथे एखादी स्कूटर सहज उभी राहिली असती.

‘पुणे मध्ये’ असं पुण्यात कोणीच बोलत नाही. रिक्षावाला बोलत नाही, भाजीवाली बोलत नाही. परप्रांतातून येऊन चार वर्षं इथे राहिलेला गवंडीसुद्धा ‘पुण्यात’ म्हणतो. ओळखीच्या एका फलकवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, पुणे हे नाव आहे. नाव बदलता येत नाही. वरून असंच येतं.” म्हणजे सरकारनं अख्ख्या गावाचं नाव बदललं तर चालतं, मराठीनं ‘णे’चा ‘ण्या’ केला की मात्र नावाची मोडतोड होते. आणि ‘मध्ये’ तर शब्दयोगी अव्यय. शब्दाशी योग होणं हाच ज्याचा धर्म, त्याला नेमकं एकटं उभं केलेलं. हिंदीत ‘पुणे में’ असं सुटं लिहितात, ते हिंदीचं बरोबर आहे. मराठीनं ते उसनं घ्यायचं कारण नाही. घर, घरा, घरात; पुणे, पुण्या, पुण्यात. पाचवीतल्या मुलाला येतं ते जाहिरात लिहिणाऱ्याला येत नाही, कारण त्याच्यासमोर वाक्य नसतंच. रिकाम्या जागा असतात, आणि त्यांत तो गावांची नावं भरतो.

या फलकावर जे तुटलं त्या जातीच्या तुकड्यांना आपण प्रत्यय म्हणतो. हा शब्द शाळेत इतक्या लवकर भेटतो की त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. स-ला-ते, स-ला-ना-ते अशी घोकंपट्टी झाली की संपलं. पुढे वीस वर्षांनी तोच माणूस म्हणतो, ‘त्याच्या चांगुलपणाचा प्रत्यय आला’, किंवा नाटकाच्या परीक्षणात ‘प्रत्ययकारी अभिनय’ असं वाचतो, आणि हा ‘प्रत्यय’ व त्या तक्त्यातला ‘प्रत्यय’ एकच आहेत हे त्याच्या मनातही येत नाही. आडनावबंधू असतील असं समजून तो पुढे जातो.

ते एकच आहेत. ‘प्रति’ आणि ‘इ’, म्हणजे जाणे. कशाकडे तरी जाणं, जाऊन भिडणं, आणि भिडल्यावर जी खात्री पटते तीही. संस्कृतात जाणं आणि जाणणं यांचं घर जवळजवळ आहे. ‘गम्’पासून अवगत होतं, ‘इ’पासून प्रतीती होते. बौद्ध विचारात प्रत्यय म्हणजे कारण, ज्याच्यामुळे दुसरं काही घडतं ते. रामदासांनी शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशा तीन कसोट्या सांगितल्या, त्यांतही घोळणारी कल्पना हीच. आणि पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाचं पहिलं सूत्र म्हणजे नुसता हा एक शब्द. सूत्र संपलं. पण त्याचा अंमल पाचव्या अध्यायाच्या शेवटपर्यंत चालतो, म्हणजे आठांतले तीन अध्याय या एका शब्दाच्या छत्राखाली. परंपरेनं नावाचं कारणही दिलं आहे : अर्थाची प्रतीती करून देतो तो प्रत्यय.

युरोपात याच वस्तूला जे नाव पडलं ते लॅटिनमधल्या ‘खिळून बसवणे’ या क्रियापदापासून आलं आहे. पुढे खिळलेला तो प्रीफिक्स, मागे खिळलेला तो सफिक्स. नाव सुताराच्या हातचं आहे. वाईट नाही, कुठे ठोकलं ते बरोबर सांगतं. आपल्या नावानं ठोकाठोकीकडे पाहिलंच नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय घडतं तिकडे पाहिलं. ‘सासू’, ‘सून’, ‘बोलली’ एवढ्यावर भांडण कोणाचं ते कळत नाही. ‘ला’ कोणाला लागला हे कळलं की सगळं घर कळतं. सासूला सून बोलली की सुनेला सासू, हे ठरवणारा एक अक्षराचा ऐवज. त्याला प्रत्यय म्हणणाऱ्याला भाषा कळली होती असं म्हणायला हरकत नाही. (विभक्ती हे नाव मात्र मला अजून पचलेलं नाही. विभक्ती म्हणजे वेगळं करणं, आणि तिचं काम चिकटण्याचं. रूपांची वाटणी करते म्हणून विभक्ती, हे खरं. तरी चिकटणाऱ्याला वाटणीचं नाव म्हणजे जरा कोर्टकचेरीच्या वळणाचंच.)

प्रत्ययाला निदान मान आहे. त्याचा थोरला भाऊ उपसर्ग. थोरला म्हणायचं ते शब्दात आधी बसतो म्हणून. त्याचं नाव मराठीत पार बिघडलं. ‘बिचाऱ्याचा कुणाला उपसर्ग नाही’ हे आपण सज्जन माणसाबद्दल म्हणतो. व्याकरणाबाहेर उपसर्ग म्हणजे त्रास, उपद्रव. धातू ‘सृज्’, म्हणजे सोडणे. याचं खानदान मोठं आहे : निसर्ग, विसर्ग, उत्सर्ग, संसर्ग, आणि भाद्रपदात दरवर्षी घडणारं विसर्जन. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळ येऊन लागलेलं, अंगाला चिकटलेलं असं काहीतरी, ते उपसर्ग. सुश्रुतसंहितेत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांना औपसर्गिक म्हटलं आहे, आणि त्यांत ज्वर आणि डोळे येणंसुद्धा आहे. योगसूत्रांत सिद्धींना समाधीच्या मार्गातले उपसर्ग ठरवलं आहे. जैन परंपरेत तर हा शब्द फार जड. मुनींनी सोसलेली संकटं म्हणजे उपसर्ग. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला जाणारे भाविक कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचा उपसर्ग आठवूनच डोंगर चढतात.

मग व्याकरणातल्या त्या चिमुकल्या प्र-परा-अप-सम्‌ना इतकं भारी नाव कशाला? कारण ते खरोखरच उपद्रव करतात. धातूला धरून त्याचा अर्थ भलतीकडे पळवून नेतात. ‘हृ’ म्हणजे नेणे. त्याचाच संहार होतो, त्याचाच विहार होतो, आणि मराठीत त्याचाच उपहार होऊन उपहारगृहात मिसळ मिळते. यास्काच्या निरुक्तात यावर एक वाद नोंदला आहे. शाकटायनाचं म्हणणं असं की धातूपासून सोडवलेल्या उपसर्गाला स्वतःचा अर्थ नाही. गार्ग्याचं म्हणणं, आहे, आणि एक नाही, अनेक आहेत. हा वाद सुटला का हे पंडितांना विचारावं. मराठीनं आपल्यापुरता तो केव्हाच गार्ग्याच्या बाजूनं सोडवला आहे. ‘अति तेथे माती’ म्हणताना ‘अति’ला कुठला धातू लागतो? आणि ‘प्रति’ तर अर्जाच्या डोक्यावर स्वल्पविराम घेऊन एकटाच बसलेला असतो, खाली माननीय कोणीही येवोत. फारसीकडून आलेल्या ‘गैर’चंही तेच. ‘गैरसमज’मध्ये तो चिकटतो, आणि ‘हे वागणं गैर आहे’ म्हणताना स्वतःच्या पायांवर उभा राहतो. पाणिनीच्या हिशेबानं क्रियेशी जोडला जाईल तोच उपसर्ग, तेव्हा ‘गैर’, ‘बे’, ‘बिन’ ही मंडळी त्याच्या दारात उभीही राहिली नसती. आपण मात्र बावीस संस्कृत उपसर्गांच्या पंगतीला त्यांचीही पानं मांडली. बेडर, बिनडोक, बिनविरोध. ग्रामपंचायतीची निवडणूक ‘बिन’वाचून पार पडेल, पण तिची बातमी लिहिता येणार नाही.

फारसीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. शब्द हद्दपार करता येतात. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत ते प्रयत्न झाले, काही फळलेही. महापौर, दिनांक हे शब्द आज कोणाला नवे वाटत नाहीत. पण प्रत्यय हद्दपार झाला नाही. ‘दार’ म्हणजे फारसीत धारण करणारा. जमीनदार, फौजदार तिकडून तयार आले असतील. चवदार, डौलदार, पाणीदार आपण घरी केले. ‘खोर’ म्हणजे खाणारा. लाचखोर शब्दात तो अजून दातांनी चावतो, आपल्याकडे लाच खातातच. पण भांडखोर काय खातो? चिडखोर काय खातो? तिथे ‘खोर’चं खाणं सुटलं, सवय तेवढी उरली. ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तोफेचे गोळे फेकणारा तो गोलंदाज. पुढे तोफा गेल्या, क्रिकेट आलं, आणि गोलंदाजाला विनासायास नोकरी मिळाली. त्याच्या जोडीला आपण फलंदाज घडवला. शब्दशः पाहिलं तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा. पायचीत दिल्यावर काही जण तेही करून दाखवतात.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गमतीचा माणूस म्हणजे माधव जूलियन. फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली फारसी-मराठी कोश त्यांनीच दिला, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ही त्यांनीच लिहिला. एका हातानं मोजदाद, दुसऱ्या हातानं हकालपट्टी. पण प्रत्ययाला घालवायचं तर पकडायचं कुठे? ‘कारखाना’ घालवाल, ‘खाना’ दवाखान्यात लपलेला असतो. महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या पुस्तकाचं नाव ‘गुलामगिरी’ आहे. गुलाम अरबी, गिरी फारसी, आणि पुस्तक अस्सल मराठी रागाचं. त्याच ‘गिरी’ला २००६ साली एका हिंदी चित्रपटानं गांधी जोडला आणि तो शब्द बघता बघता मराठी पेपरांत रुळला. गुलाम, दादा, गांधी. ‘गिरी’ला कोणाचंच वावडं नाही.

प्रत्यय निष्पाप असतो असं मात्र कोणी समजू नये. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांची नावं आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययानं संपतात, आणि एवढ्यावरून ते महार होते हे कळतं. माणूस मेला, दगडावर नाव राहिलं, आणि नावाच्या शेपटाला जात राहिली. कोणाला पंत लागायचं, कोणाला शेट, कोणाला नुसतं ‘या’ (गोंद्या, धोंड्या), हे ठरलेलं होतं. ‘पंत’ऐवजी ‘या’ लावला तर तो व्याकरणाचा दोष नव्हता, अपमान होता. इथे प्रत्ययाचा जुना अर्थ फार कडू होऊन येतो : एका अक्षरात समोरच्याला त्याच्या पायरीचा प्रत्यय द्यायचा.

त्या मानानं ‘कर’ दिलदार. तो गाव विचारतो आणि थांबतो. बाबासाहेबांच्या आडनावातला ‘कर’ आंबडव्याकडे बोट दाखवतो. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू घराण्यांनीही तो घेतला, रोहेकर, पेणकर, किहीमकर, आणि इस्राएल देश झाल्यावर ती माणसं तिकडे गेली तेव्हा सामानाबरोबर ‘कर’ही गेला. तेल काढण्याचा त्यांचा धंदा सुटला, घाणे सुटले. रोहं आणि पेण आडनावात राहिली. त्याचाच भाऊबंद ‘करी’. वारकरी, माळकरी, शेतकरी, टाळकरी. शेकडो वर्षं मातीत आणि वाळवंटात वावरलेला प्रत्यय. अलीकडे वर्तमानपत्रांनी त्याला इंटरनेटवर नेऊन बसवलं आणि ‘नेटकरी’ असा शब्द केला. कोणत्याही समितीनं पाडलेला नाही, आणि समितीनं पाडलेल्या बहुतेक शब्दांपेक्षा चांगला आहे. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी वाद घालणाऱ्याला वारकऱ्याच्या ओळीत बसवलं, एवढीच काय ती तक्रार.

आता पुन्हा त्या फलकाकडे.

मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द अंग चोरून जागा करून देतो. घोडा घोड्या होतो, सून सुने होते, पुणे पुण्या होतं. याला सामान्यरूप म्हणतात. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हापासून आजपर्यंत परक्या माणसाला मराठीत सर्वांत जास्त रडवणारं प्रकरण हेच. नवा शब्द मराठीत खरोखर आला की नुसता पाहुणा म्हणून बसलाय, हे ओळखायची खूणही हीच. टेबल आलं आणि टेबलाखाली मांजर बसलं. बँक आली, बँकेत पैसे राहिले. कोर्ट आलं आणि माणसं कोर्टात गेली. मोटारीतून उतरलो, पेन्सिलीनं लिहिलं. हे शब्द वाकले, म्हणजे घरचे झाले. ऑफिस एकेकाळी वाकत होतं; जुनी माणसं ‘ऑफिसात’ म्हणायची, आता ‘ऑफिसमध्ये’. लॅपटॉप, व्हॉट्सॲप यांना वाकायला कोणी सांगितलंच नाही. माझा त्यावर राग नाही. पाहुण्यानं ताठ बसावं. पण पुणे पाहुणं नाही. पुण्याला ताठ बसायला लावणं म्हणजे घरच्या माणसाला दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसवून ‘आपण कुठून आलात’ विचारण्यासारखं आहे.

आणि जे कापलं जातं ते किती जुनं आहे! ‘रामा’ला म्हणताना जो ‘आ’ येतो तो हवेतून आलेला नाही. संस्कृत ‘रामस्य’, प्राकृतात ‘रामस्स’, आणि मराठीत ‘रामास’ व नुसतं ‘रामा’. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं मराठीच्या जडणघडणीवर लिहिताना हा माग काढून दाखवला. ‘स्य’ झिजत झिजत गेला, स्वरात थोडीशी लांबी तेवढी उरली, आणि ती लांबी अजून काम करते. पुढे ‘ला’ येवो, ‘ने’ येवो, ‘समोर’ येवो, दार तीच उघडते. पाणिनीनं हेही सांगून ठेवलं आहे : प्रत्यय लोपला तरी त्याचं कार्य राहतं. तो बोलत होता संस्कृतातल्या रूपसिद्धीबद्दल, मराठी तर त्याच्या कितीतरी पुढची. तरी दोन हजार वर्षांचा एक लोपलेला प्रत्यय रोज सकाळी ‘दूधवाल्याला पैसे दे’ या वाक्यात हजर असतो. चकचकीत फलकावर त्याला जागा नाही, कारण ब्रँडच्या नियमावलीत गावाचं नाव एकाच ठशात बसवायचं असतं.

फलकवाल्याला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ‘पुण्यातसुद्धा’ केलंस तर दोन जागा वाचतील, अक्षर मोठं घेता येईल. त्याला ते पटलं. मग तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात ‘सातारा मध्ये’ आणि ‘गोवा मध्ये’ लागायचेत, मजकूर मंजूर होऊन आलाय.

घरी आलो तेव्हा आत्या स्वयंपाकघरात होती. चौथीपर्यंत शिकलेली, विभक्ती तिला भावाभावांची तेवढी माहीत. भाचीला सांगत होती, “दूध फ्रिजात ठेव, आणि तुझ्या त्या मोबाइलातून डोकं काढ.” भाची म्हणाली, “फ्रिजमध्ये म्हण गं.” आत्या म्हणाली, “तेच की. फ्रिजात.”